लिनक्ससीएनसी: कंट्रोलरमध्ये स्क्रिप्टला जागा कशी मिळाली

1952 साली एमआयटीने अंकीय नियंत्रणावर चालणारं मिलिंग मशीन जाहीरपणे चालवून दाखवलं. त्यानंतरची कित्येक दशकं कंट्रोलर, म्हणजे मशीनला हालचालीच्या आज्ञा देणारा भाग, मात्र ज्या त्या कंपनीचाच राहिला. मॅक्रो लिहिता येत, व्हेरिएबल वापरता येत, पण कंपनीने जेवढी मोकळीक दिली तेवढ्यातच. टूल बदलण्याची पद्धत वेगळी हवी असेल तर कंपनीचं दार ठोठवायचं.

लिनक्ससीएनसी हा संगणकावरून अशी मशीन चालवणारा खुला कंट्रोलर प्रोग्रॅम. त्याची मुळं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत आहेत. खुल्या रचनेचा कंट्रोलर कसा असावा हे तपासण्यासाठी 1990 च्या दशकात तिथे ‘एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर’, म्हणजे ईएमसी, तयार झाला. सरकारी कर्मचाऱ्यांनी लिहिलेला म्हणून तो कोड सार्वजनिक मालकीचा ठरला आणि पुढे स्वयंसेवकांनी तो हाती घेतला. ईएमसी याच नावाच्या एका बड्या कंपनीने ट्रेडमार्कवरून हरकत घेतल्यावर प्रकल्पाने ‘लिनक्ससीएनसी’ हे नाव घेतलं. नव्या नावाची 2.5 आवृत्ती 2012 साली आली. माझ्या मते हे नाव जास्त नेमकं आहे.

स्क्रिप्टच्या, म्हणजे वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या, बाबतीत खरी अडचण वेळेची होती. अक्ष कुठे आहे आणि कुठे हवा, हा हिशोब कंट्रोलरमधला ‘सर्वो थ्रेड’ हा भाग साधारण दर मिलिसेकंदाला करतो. पायथन भाषेतला प्रोग्रॅम तिथे मध्येच अडखळला तर हालचालीत झटका बसेल. त्यामुळे रिअल-टाइम, म्हणजे वेळ काटेकोर पाळणाऱ्या, भागात स्क्रिप्टला प्रवेश नाही, ही सीमा पहिल्यापासून राहिली. पुढच्या सोयी याच सीमेभोवती उभ्या राहिल्या.

त्यातली सर्वांत मोलाची एचएएल, म्हणजे हार्डवेअर आणि कंट्रोलर यांना जोडणारा थर. ईएमसी2, म्हणजे ईएमसीच्या पुढच्या पिढीबरोबर आलेल्या या थराची कल्पना इलेक्ट्रॉनिक सर्किटवरून घेतलेली आहे: घटक, त्यांच्या पिना आणि पिना जोडणारे सिग्नल. अक्ष टोकाला पोचल्याचं सांगणाऱ्या लिमिट स्विचची पिन कुठल्या अक्षाला जोडायची, हे साध्या मजकूर फाइलमध्ये एका ओळीत लिहिता येतं. हीच जोडणी मूळ कोडमध्ये असती, तर प्रत्येक मशीनसाठी सगळं नव्याने कंपाइल करावं लागलं असतं. बिनघाईची कामं करणारा घटक पायथनमध्येही लिहिता येतो. तो रिअल-टाइम भागाबाहेर चालतो आणि पिनांमधूनच बोलतो.

जी-कोडच्या, म्हणजे मशीनला ओळीओळीने आज्ञा देणाऱ्या भाषेच्या, बाजूने ओ-शब्द आले. त्यांनी सबरूटीन (हवा तेव्हा बोलावता येणारा तुकडा), अट आणि लूप दिले. एम100 ते एम199 हे आकडे वापरणाऱ्यासाठी मोकळे ठेवले गेले. प्रोग्रॅममध्ये एम101 आला की ठरलेल्या फोल्डरमधली ‘एम101’ नावाची फाइल चालते, पी आणि क्यू या दोन किमती तिच्या हाती पडतात, आणि ती संपेपर्यंत जी-कोड थांबतो. फाइल शेल स्क्रिप्ट असो, पायथन असो, फक्त चालवता येण्याजोगी हवी. सोय अगदी ओबडधोबड, पण एखादा दिवा लावायला किंवा नोंद ठेवायला तेवढी पुरते.

टूल बदलायला मात्र ती तोकडी पडते. त्यासाठी रिमॅप आलं. टूल बदलणाऱ्या एम6 सारख्या ठरलेल्या कोडचा अर्थ आपल्या सबरूटीनने किंवा पायथन फंक्शनने बदलता येऊ लागला. इथे एक खाचखळगा आहे. इंटरप्रिटर, म्हणजे जी-कोडचा अर्थ लावणारा भाग, तो कोड बराच पुढे वाचून ठेवतो, म्हणून पायथनने एखाद्या सेन्सरची स्थिती विचारली तेव्हा मशीन प्रत्यक्षात मागच्याच ओळीवर असू शकतं. रांगेतली कामं आधी उरकून घे, असं इंटरप्रिटरला सांगण्यासाठी फंक्शन मधेच सोडून पुन्हा तिथूनच सुरू करावं लागतं. रिमॅपचा पहिला प्रयोग बहुधा इथेच फसतो.

मशीनसमोरचा पडदाही स्क्रिप्टच्या कक्षेत आला. अ‍ॅक्सिस हा इंटरफेस मुळात बराचसा पायथनमध्येच आहे. पुढे पायव्हीसीपी, ग्लेडव्हीसीपी आणि क्यूटीव्हीसीपी या पडदे बनवण्याच्या साधनांमुळे आपली बटणं, आपले मीटर जोडता येऊ लागले. या मोकळिकीची किंमत 2.9 आवृत्तीत मोजावी लागली. प्रकल्प पायथन 3 वर गेला आणि पायथन 2 साठी लिहिलेल्या अनेक घरगुती स्क्रिप्ट मालकांना पुन्हा दुरुस्त कराव्या लागल्या.