भाजीचे माप-वजन रूपांतर (बेळगाव सीमाभाग)

चिरलेल्या, किसलेल्या किंवा सोललेल्या भाजीच्या आकारमानावरून तिचे वजन काढण्याची रीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात भाजी तराजूने, वाट्याने किंवा पेंडीने (कन्नड ‘कट्टु’) विकत मिळते. स्वयंपाकघरात ती वाटीने मोजली जाते.

माप आणि वजन यांतल्या घोटाळ्याचे मूळ ‘शेर’ या शब्दात आहे. धान्याचा शेर हे आकारमानाचे माप (२ चिपटी = १ मापटे, २ मापटी = १ शेर, ४ शेर = १ पायली), तर तराजूचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. कन्नड ‘सेरु’ही असाच दुहेरी अर्थाचा. शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. एक मत तो संस्कृत ‘सेटक’ शब्दापासून काढते; दुसरे, ग्रीक ‘स्टाटेर’ हे नाण्याचे व वजनाचे नाव इराणी भाषांमार्गे आले असे मानते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या १२व्या शतकातील गणितग्रंथाच्या काही पोथ्यांत ७२ टंकांचा (टंक हे जुने लहान वजन) सेर व ४० सेरांचा मण सांगणारा श्लोक आहे आणि त्यात या परिमाणांना ‘तुरुष्कसंज्ञा’ (तुर्कांची नावे) म्हटले आहे. हा श्लोक प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेला, समजला जातो, त्यामुळे तो १२व्या शतकाचा पुरावा ठरत नाही. तरी श्लोककाराला हा शब्द परका वाटत होता एवढे त्यावरून दिसते, आणि त्या मानाने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. ग्रंथातील मूळ धान्यमापे खारी, द्रोण, आढक, प्रस्थ, कुडव अशी आहेत. ती घनहस्तावर (लांबी, रुंदी, उंची एकेक हात) बेतलेली, म्हणजे निव्वळ आकारमानाची.

दशमान वजनांचा कायदा १९५६ चा. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. नवी वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, पण ‘पावशेर’ टिकला. आज पावशेर वांगी म्हणजे २५० ग्रॅम. जुन्या हिशेबाने ती सुमारे २३३ ग्रॅम भरत. जुन्या वहीतल्या कृती वाचताना हा फरक धरावा. भाजीत तो फारसा जाणवत नाही, लोणच्याच्या मिठात जाणवतो.

सर्व भाज्यांना लागू पडेल असा एकच गुणक नाही, कारण फोडींमधली पोकळी भाजीगणिक बदलते. वाटी आधी पाण्याने भरून तोलावी. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके तिचे मिलिलिटर. त्याला चिरलेल्या टोमॅटोसाठी सुमारे ०.७५, कांद्यासाठी ०.६५ ते ०.७, सोललेल्या मटारसाठी ०.६, भेंडीच्या चकत्यांसाठी ०.४, बारीक चिरलेल्या कोबीसाठी ०.३ आणि कच्च्या पालकासाठी जेमतेम ०.१३ ने गुणावे. म्हणजे १५० मिलिलिटरच्या वाटीत कांदा साधारण १०० ग्रॅम मावतो, कोबी ४५ आणि पालक २० ग्रॅमच्या आत. हाच पालक शिजवून दाबला की टोमॅटोच्या तोडीला येतो. म्हणून पालेभाजीचे माप कच्चे की शिजलेले हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. वाटी दाबून भरली की सैल, यानेही आकडा हलतो.

टाकाऊ भाग वेगळा धरावा लागतो. मटारच्या शेंगांतून दाणे निम्म्याहून कमी निघतात. पाव किलो कांदा सोलून सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास उरला, तर तो वरील वाटीने सव्वादोन वाट्या होतो.

पेंडीला ठरावीक वजन नाही. ती बांधणाऱ्याच्या मुठीवर आणि हंगामावर अवलंबून असते, आणि पाणी मारलेली पेंडी तराजूत जड भरते.