घाट चढताना पेन का गळतो : शाईपेनाच्या जिभेची पार्श्वभूमी

वेंगुर्ल्याहून सावंतवाडी-आंबोलीमार्गे बेळगावला आलं आणि खिशातला शाईचा पेन अर्धा रिकामा असला, की वर पोचल्यावर टोपण उघडताना बोटं निळी होतात. चोर्ल्याच्या घाटाने पणजीहून आलं तरी तेच. दोष बहुधा पेनाला दिला जातो, पण हिशोब साधा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. तिथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी. पेनाच्या पोटात शाईच्या वर दीड मिलिलिटर हवा अडकलेली असेल, तर घाटमाथ्यावर येईपर्यंत ती साधारण ०.१४ मिलिलिटरने फुगते. शाईचा एक थेंब ०.०५ मिलिलिटर धरला, तर निब खाली असताना जवळजवळ तीन थेंबांना बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नसतं. निब वर असेल तर फुगलेली हवाच जिभेतून, म्हणजे निबच्या खाली बसवलेल्या खाचेच्या दांडीतून, निघून जाते आणि शाई जागेवर राहते. घाट उतरताना हवा आकसते, पेन बाहेरची हवा आत ओढतो, काही गळत नाही. म्हणून तक्रार कायम चढतानाचीच.

शाईपेनाचा इतिहास सहसा कंपन्यांच्या नावांनी आणि सोन्याच्या निबांनी सांगितला जातो. तो हवेच्या अंगाने सांगितला तर जास्त उलगडतो. शाई खाली आणणं कधीच अवघड नव्हतं. ती वजनानेच येते. अवघड होतं ते तेवढीच हवा, तेवढ्याच वेगाने, शाई न सांडता वर पाठवणं. मराठीत फाउंटन पेनासाठी ‘झरणी’ असा शब्द केला गेला. तो कोशात राहिला, तोंडी ‘शाईचा पेन’च बसला. पण शब्द नेमका होता. पेनाने झरायचं असतं, गळायचं नसतं.

बोरूला जीभ नव्हती आणि तिची गरजही नव्हती. बोरूचं टोक तिरकं छाटायचं, मधोमध चीर द्यायची, दौतीत बुडवायचं. चिरेत आणि पोकळीत जेवढी शाई अडकेल तेवढीच लिहायला मिळायची. मोडीत हात न उचलता सलग ओढ घेता येते, ती या लेखणीला सोयीची. पुढे पोलादी निब आली. बर्मिंगहॅममध्ये १८२०च्या दशकात ती यंत्रावर निघू लागली आणि बोरूच्या जागी टाक आला. बुडवणं मात्र सुटलं नाही.

शाईही त्याच लेखणीला शोभणारी होती. एक प्रकार काजळ आणि डिंकाचा. दुसरा हिरडा आणि हिराकसाचा: खानापूर-चंदगडच्या रानात मिळणाऱ्या हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोह यांच्या संयोगातून काळा रंग तयार होतो. दोन्ही शाया कागदावर टिकाऊ, पण पेनाच्या पोटात घातक. काजळाचे कण जिभेच्या चिरेत बसतात आणि डिंक त्यांना घट्ट धरतो. हिराकसाची शाई आम्लधर्मी, ती पोलादी निब खाते, आणि हवा लागली की तिचा साका खाली बसतो. १८५६ नंतर कृत्रिम रंग आले आणि पाण्यात पूर्ण विरघळणारी शाई शक्य झाली, तेव्हाच पेनाच्या बारीक वाटा मोकळ्या राहण्याची शक्यता तयार झाली. शाई हा शब्द मात्र सीमेने वाटून घेतला नाही: मराठीत शाई, कन्नडात शायी.

पोटात शाई साठवणाऱ्या लेखणीचं पेटंट रुमानियाच्या पेत्राके पोएनारू यांना फ्रान्समध्ये १८२७ साली मिळालं. त्यानंतर अर्धशतकभर निरनिराळे पेन निघाले, आणि ते एकतर अडत किंवा डाग पाडत. कारण शाईची आणि हवेची वाट एकच होती. बुडबुडा वर जायला निघाला की शाई थांबे. बुडबुडा सुटला की ती भसकन येई.

१८८४ साली न्यूयॉर्कच्या लुइस एडसन वॉटरमन यांनी जिभेचं पेटंट घेतलं. विम्याच्या करारावर शाई सांडली, गिऱ्हाईक गेलं आणि म्हणून त्यांनी पेन शोधला, ही गोष्ट सगळीकडे छापली जाते, पण तिला त्या काळातला पुरावा नाही. पेटंटमधली कल्पना पुरेशी बोलकी आहे. निबच्या खाली कडक रबराची, म्हणजे एबोनाइटची, दांडी. तिच्यात एक रुंद खाच. त्या खाचेच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा. शाई चिरांमधून उतरते, हवा खाचेतून चढते. आजच्या शंभर रुपयांच्या पेनातही तत्त्व हेच आहे.

कोंबडीच्या पिलांना पाणी ठेवायचं उपड्या बाटलीचं भांडं आठवा. ताटलीतलं पाणी पिलं पितात, पातळी घसरते, बाटलीचं तोंड क्षणभर उघडं पडतं, एक बुडबुडा आत जातो, तेवढंच पाणी खाली येतं. पेनात पिलाच्या जागी कागद आहे. शाई अरुंद जागेत आपोआप ओढली जाते, आणि जागा जितकी अरुंद तितकी ओढ मोठी. म्हणून पोटाकडून टोकाकडे वाट अरुंद होत गेली पाहिजे: जिभेची चीर, तिच्याहून बारीक निबची चीर, तिचंही टोकाकडचं निमुळतं तोंड, आणि शेवटी कागदाचे तंतू. या क्रमात मध्येच एखादी जागा रुंद झाली की शाई तिथेच थांबते. निबच्या भोकातूनच हवा आत जाते, असं बरेच जण समजतात. तसं नाही. त्या भोकामुळे चीर पुढे फाटत जात नाही, आणि बऱ्याच पेनांत हवेची खरी वाट जिभेतच असते. बिनभोकाच्या निबही उत्तम चालतात.

वॉटरमननंतरच्या सुधारणा बघितल्या तर त्या बहुतेक जादा शाईला कुठे ठेवायचं याच्या आहेत. पार्करने १८९४मध्ये जिभेचं मागचं टोक वाकवून पोटाच्या भिंतीला टेकवलं, म्हणजे पेन खिशात उभा राहिला की जिभेतली शाई भिंतीवरून परत मागे जाईल. नाव ठेवलं ‘लकी कर्व्ह’. शेफर यांचा तरफेचा पेन (१९०८चं पेटंट) आणि पेलिकानचा दट्ट्याचा पेन (१९२९) यांनी भरण्याची कटकट कमी केली. जिभेच्या मूळ प्रश्नाला त्यांनी फारसा हात घातला नाही.

खरा पुढचा टप्पा १९४१चा पार्कर ५१. त्याची निब जवळजवळ झाकलेली, आणि तिच्याभोवती पातळ पातळ चकत्यांचा संग्राहक. चकत्यांमधल्या फटी शाईच्या चिरेपेक्षा रुंद. त्यामुळे नेहमीच्या लिहिण्यात त्या रिकाम्या राहतात. हवा फुगून जादा शाई आली की भरतात, आणि दाब उतरला की शाई परत चिरेकडे ओढली जाते. आज साध्या प्लॅस्टिकच्या जिभेखाली दिसणारे कंगव्याचे दाते हेच काम करतात. ते शोभेचे नाहीत, आणि ते शाईने कायम भरलेले दिसत असतील तर पेन आधीच गळण्याच्या बेतात आहे.

१९४८मध्ये त्याच पेनाला दाबून भरायची पिशवी आणि आत बारीक नळी आली. चीनच्या हिरो पेनांनी हीच रचना उचलली, आणि आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी तो पेन वापरला. तो भरताना एकदाच दाबून भागत नाही. निब शाईत पूर्ण बुडवून चार-पाच वेळा दाबायचं, प्रत्येक वेळी सोडल्यावर दोन सेकंद थांबायचं. प्रत्येक दाबाला हवा बाहेर जाते आणि शाई नळीतून वर चढते. घाईने दाबलं तर अर्धी पिशवी हवाच राहते, आणि ती हवा घाटात आपला हिशोब चुकता करते.

भारतात १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. आंध्रात राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी १९३२च्या सुमारास हातघडणीचे एबोनाइटचे पेन केले. १९३४मध्ये बंगालमध्ये सुलेखा शाई आली. पुड्या आणि गोळ्यांची शाई दौतीसाठी ठीक होती. पेनात घालायची तर नीट विरघळवून रात्रभर ठेवायची आणि वरची निवळ तेवढी फडक्यातून गाळून घ्यायची. नाहीतर न विरघळलेली पूड पहिल्या आठवड्यातच जिभेत बसते. पाणी विहिरीचं घेतलं तर क्षारांची भर पडते, म्हणून उकळून गार केलेल्यापेक्षाही बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी बरं.

ड्रॉपरने भरायचा पेन आपल्याकडे इतका रुजला, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नाही: पोट, आटे, जीभ, निब. दोन-तीन मिलिलिटर शाई मावते. पण हवाही तितकीच मोठी साठते, आणि हाताची ऊब पोचली की ती फुगते. पोटातली हवा पंचवीस अंशांवरून पस्तीसवर गेली तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते. दीड मिलिलिटर हवेमागे एक थेंब. म्हणून असा पेन तिसरा हिस्सा शाई उरली की भरावा, संपेपर्यंत थांबू नये. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्यावा. व्हॅसलीन नको, ते रबर फुगवतं.

आपल्या भागातच हवामान दोन टोकांचं आहे. खानापूरच्या पावसात कागद ओल धरतो आणि शाई फुटते; अथणीच्या उन्हात टोपण पाच मिनिटं उघडं राहिलं तर निब सुकते. पावसाळ्यात बारीक निब आणि कमी वाहणारी शाई, उन्हाळ्यात घट्ट बसणारं टोपण, एवढं पाळलं तर निम्म्या तक्रारी येतच नाहीत. हल्लीच्या वह्यांचा कागद बॉलपेन गृहीत धरून केलेला असतो, तो शाई पितो. त्याचा दोष पेनाला देऊ नये.

सीमाभागातल्या विद्यार्थ्याचा पेन दोन लिप्या लिहितो, आणि त्यातून निबची परीक्षा होते. देवनागरीत शिरोरेषा डावीकडून उजवीकडे, काने वरून खाली. निबच्या दोन पात्यांपैकी एक किंचित वर असलं तरी या दोन दिशांना ते लक्षात येत नाही. कन्नडच्या गोलाईत टोक सगळ्या दिशांना फिरतं, आणि वळणाच्या एका ठरावीक जागी ते कागदाला खरडतं. मराठीत मऊ आणि कन्नडात खरखरीत चालणारी निब खराब नसते. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून समोरून बघावं आणि वर आलेलं पातं नखाने हळूच खाली दाबावं. पॉलिश पेपर हा शेवटचा उपाय. तो जास्त फिरवला तर चिरेच्या आतल्या कडा गोल होतात, शाई टोकापर्यंत येऊनही कागदाला टेकत नाही, आणि पहिला फटका कोरा जातो.

अडणाऱ्या पेनाचं निदान लिहिण्यावरूनच होतं. अर्धं पान नीट, मग फिकट, जरा ठेवला की पुन्हा नीट: हवा आत जात नाही. अशा वेळी पेन झटकू नये. झटकून शाई पुढे येते, हवेची वाट तशीच बंद राहते, शेजाऱ्याचा सदरा तेवढा रंगतो. जीभ काढून खाच साफ करावी. सुरुवातच होत नाही, पण एकदा लागला की चालतो: निबचं टोक. नवा पेन पहिल्यापासून तुटक चालतो: जिभेवर साच्याचं तेल राहिलेलं असतं. कपभर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, त्यात दहा मिनिटं, मग साध्या पाण्याने स्वच्छ. पाणी कढत नको, एबोनाइटचा रंग उडतो. चिरेत अडकलेला तंतू काढायला ०.०५ मिमी जाडीची पितळी शिम, म्हणजे पातळ पट्टी, घ्यावी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही टूलरूममध्ये ती असते. फट मोजायच्या फीलर गेजचं पोलादी पातं सोन्याच्या निबला लावू नये, चरे पडतात.

निब आणि जीभ यांच्यात उजेड दिसत असेल तर वाटेत रुंद जागा तयार झाली आहे. एबोनाइटची जीभ असेल तर निबसकट टोक कढत पाण्यात अर्धा मिनिट धरावं, अंगठ्याने जीभ निबला दाबावी आणि दाबूनच नळाखाली गार करावी; रंग थोडा उडाला तरी इथे ते पत्करावं. ती त्याच वळणात बसते. प्लॅस्टिकची जीभ हट्टी, बहुतेक वेळा परत येते. शाई कमी वाहते म्हणून चीर पात्याने खोल करणारे बरेच असतात. खोल करता येते, भरून काढता येत नाही, म्हणून एका वेळी एकच हलका हात आणि मध्ये एक पानभर लिहून बघणं. लेथवर नवी जीभ कातायची असेल तर सहा मिलिमीटरच्या आसपासची एबोनाइटची दांडी, ०.२ मिमीच्या आसपासच्या दोन चिरा आणि वर एक मिलिमीटरची खाच इथून सुरुवात करावी. एबोनाइट कापताना गरम होऊ द्यायचं नाही. चिरेच्या कडा वितळल्यासारख्या मिटतात आणि जीभ बघायला उत्तम, लिहायला निकामी होते.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून जाणाऱ्यासाठी घाटाचाच नियम अडीचपट कडक आहे, कारण केबिनमधला दाब बेळगावच्याही अठरा-एकोणीस टक्के खाली जाऊ शकतो. पेन एकतर काठोकाठ भरलेला किंवा पूर्ण रिकामा न्यावा, आणि खिशात निब वर.