उन्हाळे-स्नान
उन्हाळे-स्नान : कोकणातील गरम झऱ्यांच्या (‘उन्हाळ्यांच्या’) कुंडात बसून आंबलेले अंग मोकळे करण्याची प्रथा. संधिवात, त्वचारोग आणि तीर्थस्नान हे तिचे जुने उपयोग. कबड्डीपटू व इतर खेळाडूंनी श्रमपरिहारासाठी केलेला वापर त्या मानाने बहुधा अलीकडचा.

‘उन्हाळे’ म्हणजे गरम पाण्याचा झरा; हे नाव ऋतूवरून आलेले नाही. संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’, मराठी ‘ऊन’ हा क्रम सर्वमान्य आहे. शब्दाच्या शेवटी ‘आलय’ मानावे की झाडाभोवतीचे ‘आळे’, हा प्रश्न उरतो. कुंडाचा आकार पाहता दुसरा पर्याय अधिक पटतो. उन्हवरे (ता. दापोली), उन्हेरे (पालीजवळ) आणि राजापूरजवळचे उन्हाळे या गावांच्या नावांतही हेच ‘ऊन’ आहे.

पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात, किनाऱ्याला साधारण समांतर असे हे झरे आहेत. तानसा नदीकाठची वज्रेश्वरी-गणेशपुरी, महाडजवळचे सव, संगमेश्वर तालुक्यातील आरवली, तुरळ व राजवाडी ही त्यांतली परिचित ठिकाणे. ही उष्णता लाव्हारसाची उरलीसुरली ऊब आहे, असा समज पूर्वी होता. परंतु दख्खनचा बेसाल्ट (लाव्हारस थिजून झालेला काळा खडक) सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच निवला. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, भूगर्भाच्या उष्णतेने तापते आणि प्रस्तरभंगांच्या (खडक सरकून पडलेल्या तड्यांच्या) वाटेने वर येते, हे स्पष्टीकरण आज अधिक ग्राह्य धरतात. पाण्यातील क्लोराइडे (मिठासारखे क्षार) समुद्राची की खडकाची, यावर मात्र मतभेद आहेत. काही झऱ्यांत दोन्हींचा वाटा असणे शक्य आहे. तापमान सुमारे 40° ते 70° से. या दरम्यान असून उन्हवऱ्याचे पाणी सर्वांत कढत झऱ्यांपैकी आहे. तिथे थेट उतरणे म्हणजे भाजून घेणे. पाणी निववूनच अंगावर घ्यावे लागते.

गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात व ताठर स्नायू सैल होतात; पाण्याच्या दाबामुळे पायांतले रक्त वर सरकण्यास मदत होते. अनोळखी श्रमानंतर अंग आंबते ते साधारण 24 ते 72 तासांत सर्वाधिक जाणवते. त्यावर आधुनिक क्रीडावैद्यकात 10°–15° से. थंड पाण्याचा अभ्यास अधिक झाला आहे. 2012 मधील कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात) 17 लहान चाचण्या होत्या. नुसत्या विश्रांतीपेक्षा थंड पाण्याने ठणका कमी होतो असे त्यात आढळले. ताकदीच्या व्यायामानंतर नेहमी थंड पाण्यात बसल्यास स्नायूंची वाढ मंदावू शकते, असेही नंतर दिसले. खेळाडूंनी समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहणे ही मात्र थंड पाण्याची चिकित्सा नव्हे : कोकणचा समुद्र बहुतेक वर्षभर 25° से. च्या वरच असतो. तिथे लाभ होतो तो तरंगण्याचा आणि दाबाचा.

ताज्या मुरगळीवर पहिले दोन दिवस उन्हाळे टाळावे, कारण उष्णतेने सूज वाढते. घाम गेलेल्या अंगाने फार वेळ बसल्यास घेरी येते. गोड्या कोमट पाण्यात नेग्लेरिया हा अमीबा वाढू शकतो. नाकात पाणी गेल्यास त्याचा संसर्ग बहुधा प्राणघातक ठरतो, म्हणून बुडी मारू नये.

जोडीला खोबरेलाचे मालिश, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, भेगाळलेल्या टाचांना कोकमाचे तेल आणि मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज हे घरगुती उपाय चालतात. पेजेतून पाणी, पिष्टमय पदार्थ आणि मीठ एकदमच मिळते.