विंगेतला लॅपटॉप का अडखळतो

फोंडा तालुक्यातल्या एका देवळात काल्याच्या रात्री आमच्या मंडळाचं मराठी नाटक होतं. दुसऱ्या अंकात बाप मुलाला घराबाहेर काढतो, तिथं मागून सारंगीचा एक लांब सूर हवा होता. मी लॅपटॉपवरून तो सोडला आणि तिसऱ्याच सेकंदाला सारंगी ‘ढढढढ’ करत एका जागी अडकली. मग सुटली, पुन्हा अडकली. आमचे दिग्दर्शक पंचाहत्तरीतले. ते दबक्या आवाजात म्हणाले, “कॅसेट अडकली काय रे?”

त्यांचा प्रश्न माझ्या मनात राहिला. कॅसेट अडकली तर कुठं बघायचं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. फीत गुंतली का, रबरी रोलर चिकटलाय का, हेडवर धूळ बसलीय का. पेन्सिल घालून फीत गुंडाळली की काम पुढं चालायचं. लॅपटॉप अडकला तेव्हा आम्ही वायर बदलली, साउंडवाल्याला बोल लावले आणि पुढच्या आठवड्यात वर्गणीच्या पैशातून यूएसबीचं नवं साउंड कार्ड आणलं. पुढच्या प्रयोगाला आवाज तसाच तुटला. गावोगावच्या मंडळांचे असे पैसे फुकट जातात याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा स्पीकरमध्येही नसतो आणि साउंड कार्डातही नसतो. तो कुठं असतो आणि तिथं कसा जाऊन बसला, हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

संगणकाला आवाज वाजवायचा म्हणजे ठरल्या वेळी आकडे पुढं सरकवायचे. सीडीच्या दर्जाच्या आवाजात दर सेकंदाला ४४,१०० आकडे लागतात, आणि डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे. प्रोसेसर ते एकेक करून देत बसत नाही. तो थोडे आकडे एका राखीव जागेत भरून ठेवतो आणि साउंड कार्ड त्यातून आपल्या संथ, अचूक गतीनं उचलत राहतं. ही राखीव जागा म्हणजे बफर. घरावरच्या टाकीसारखी ही व्यवस्था आहे: टाकी रिकामी व्हायच्या आत पंप सुरू झाला पाहिजे. पण टाकी रिकामी झाली तर नळ कोरडा पडतो. साउंड कार्ड मात्र थांबत नाही. बफर गोल फिरता असतो, त्यामुळं नवे आकडे आले नाहीत तर मागचाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. आमच्या सारंगीचं ‘ढढढढ’ ते हेच. काही ठिकाणी रिकाम्या जागेत शांतता भरली जाते, तेव्हा ‘टक्’ असा आवाज येतो.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात फक्त बीप देणारा स्पीकर होता. गोवा राज्य झालं त्या १९८७ साली अ‍ॅडलिब कार्ड बाजारात आलं. ते कृत्रिम वाद्यांचे सूर काढायचं, पण ध्वनिमुद्रित आवाज वाजवायची सोय त्यात नव्हती. ती सोय १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीच्या साउंड ब्लास्टरनं घरोघरी नेली. सिम वाँग हू हे या कंपनीचे संस्थापक. अडखळण्याची गोष्ट या कार्डापासून सुरू होते, कारण इथून पुढं वेळेवर आकडे पुरवायची जबाबदारी प्रोसेसरवर आली.

हे कार्ड प्रोसेसरला हाक कशी मारायचं? इंटरप्टनं. इंटरप्ट म्हणजे दाराची कडी वाजवणं: हातातलं काम ठेव, आधी मला बघ. त्या काळच्या पीसीत अशा मोजक्या कड्या होत्या आणि प्रत्येकीला क्रमांक होता. साउंड ब्लास्टरला मुळात सातवी कडी दिलेली असायची, आणि पहिल्या प्रिंटर पोर्टचीही तीच. दोघांनी एकाच वेळी हाक मारली तर घोटाळा. म्हणून पुढं पाचवी कडी रूढ झाली. कार्डावरच्या छोट्या पिना चिमट्यानं हलवून हा क्रमांक बदलावा लागे. काम किचकट होतं, पण दोष डोळ्यांना दिसायचा.

विंडोजच्या आधी पीसी चालवणाऱ्या डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा, त्यामुळं सगळा संगणक त्याच्या दिमतीला असे. विंडोज ९५ नंतर चित्र बदललं. लयभास्कर म्हणून ओळखले जाणारे आपल्या गोव्याचे खाप्रूमाम पर्वतकर दोन्ही हातांनी, पायांनी आणि तोंडानं वेगवेगळे ताल एकाच वेळी धरत, असं जुनी माणसं सांगतात. संगणकही अनेक कामं एकदम करताना दिसतो, पण त्याला तशी विद्या नाही. तो एक काम क्षणभर करतो, ठेवतो, दुसरं उचलतो. हे उचलणं-ठेवणं इतकं झटपट होतं की आपल्याला कळत नाही. कान मात्र फार तिखट असतो. पडद्यावरचं चित्र एका सेकंदाचा पन्नासावा भाग थबकलं तर डोळा सहज सोडून देतो. आवाज तेवढाच तुटला तर शेवटच्या खुर्चीवरचा माणूसही मान वर करतो.

विंडोज ९८ सोबत ड्रायव्हर, म्हणजे संगणकाच्या एकेका भागाशी बोलणारा प्रोग्राम, लिहिण्याची नवी पद्धत आली आणि तिच्यासोबत के-मिक्सर हा भाग. अनेक प्रोग्रामचे आवाज एकत्र मिसळून साउंड कार्डाकडे पाठवायचं काम त्याचं. मिसळताना तो सुमारे ३० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे तीस हजारांश, उशीर करायचा. हा आकडा लहान वाटतो, म्हणून तो अंतरात मोजून बघा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३० मिलिसेकंदांत दहा मीटर. सभामंडपाच्या एका टोकाला पेटीवाला आणि दुसऱ्या टोकाला तबलजी बसवून द्रुत लयीत भजन म्हणायला लावलं तर जे होईल, ते संगणकावर की-बोर्ड वाजवणाऱ्याला व्हायचं. गाणं ऐकणाऱ्याला हा उशीर कळत नव्हता, वाजवणाऱ्याला छळत होता. अशा उशिरावर जर्मनीतल्या स्टाइनबर्ग कंपनीनं त्याआधीच, १९९७ मध्ये, एसिओ ही पद्धत आणली होती: मधले सगळे टप्पे टाळून प्रोग्रामनं थेट साउंड कार्डाच्या ड्रायव्हरशी बोलायचं. आजही स्टुडिओत विंडोजवर मुद्रण करणारे बहुतेक जण तीच वापरतात.

१९९७ मध्येच इंटेलनं एसी ९७ हा मानक दिला. मदरबोर्डवरच एक स्वस्त चिप बसवायची आणि आवाजाचं बरंचसं काम मुख्य प्रोसेसरवर सोपवायचं. यामुळं वेगळं साउंड कार्ड घेण्याची गरज संपली, आवाज प्रत्येक संगणकात आला, आणि तो मुख्य प्रोसेसरच्या वक्तशीरपणावर आणखी अवलंबून राहू लागला. २००४ मध्ये आलेला एचडी ऑडिओ याच वाटेनं पुढं गेला.

पण आमच्या सारंगीचा खरा दोष आणखी खोल होता, आणि त्याचं मूळ १९९३ सालच्या विंडोज एनटीत आहे. हा भाग मी सावकाश सांगतो, कारण दुरुस्ती करणाऱ्यांपैकीही पुष्कळांना तो माहीत नसतो.

एनटीच्या रचनाकारांनी कडी वाजल्यावरचं काम दोन भागांत विभागलं. कडी वाजताच धावत जायचं, काय हवंय तेवढं विचारायचं आणि लगेच परतायचं, हा पहिला भाग. उरलेलं काम चिठ्ठीवर लिहून रांगेत ठेवायचं, हा दुसरा. या चिठ्ठीला डीपीसी म्हणतात, म्हणजे पुढं ढकललेलं काम. कल्पना चांगली होती: धावपळ थोडी, बाकी सगळं रांगेनं. अट एकच, की प्रत्येक ड्रायव्हरनं आपली चिठ्ठी झटपट उरकावी. मायक्रोसॉफ्टनं ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मर्यादाही सांगितली आहे: पहिल्या भागाला २५ मायक्रोसेकंद, चिठ्ठीला १००. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

अडचण अशी की एखाद्या चिठ्ठीचं काम चालू असेतो त्या प्रोसेसरवर कुठलाही साधा प्रोग्राम हलू शकत नाही, मग त्याला कितीही मान दिलेला असो. बफर १० मिलिसेकंदांचा आहे आणि नेटवर्कच्या ड्रायव्हरनं १४ मिलिसेकंद चिठ्ठी धरून ठेवली, तर आवाज तुटणारच. तिथं साउंड कार्ड कितीही महाग असलं तरी उपयोग नाही. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून एनटीची ही रचना घरगुती संगणकांत आली आणि तेव्हापासून आवाजाचा गुन्हेगार बहुधा परका असतो: वायफाय, ग्राफिक्स कार्ड, बॅटरी सांभाळणारा ड्रायव्हर.

२००७ मध्ये सर्वांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टानं आवाजाची सगळी मांडणी नव्यानं केली. के-मिक्सर गेला, वासापी ही नवी पद्धत आली, आणि आवाजाच्या प्रोग्रामना अग्रक्रम देणारी एक खास सेवा बसवली. नेटवर्कच्या चिठ्ठ्या आवाज बिघडवतात हे मायक्रोसॉफ्टला पक्कं ठाऊक होतं, म्हणून गाणं चालू असताना नेटवर्कवर बंधन घातलं: सेकंदाला दहा हजार पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे. त्याच वर्षी लोकांच्या लक्षात आलं की गाणं लावलं की फायली पाठवण्याचा वेग घसरतो, आणि ओरड झाली. मला ही ओरड समजते, पण त्या निर्णयातून कळतं की रोग कुठं होता ते ओळखलेलं होतं.

व्हिस्टाची दुसरी बाजू त्रासाची ठरली. ड्रायव्हरची रचना बदलल्यामुळं जुन्या कार्डांना नवे ड्रायव्हर हवे होते, आणि ६४ बिटच्या आवृत्तीत डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर चालेना. जुन्या वस्तूसाठी नवा ड्रायव्हर लिहिण्यात कंपनीला पैसा मिळत नाही. चांगली चालणारी कितीतरी कार्डं तेव्हा अडगळीत गेली. विंडोज बदलते, ड्रायव्हर मागं राहतो, आणि मधल्या फटीतून आवाज गळतो; हे तेव्हापासून चालू आहे.

२०१५ च्या विंडोज १० नं आवाजाच्या यंत्रणेचा स्वतःचा उशीर १.३ मिलिसेकंदांवर आणला आणि १० मिलिसेकंदांहून लहान बफरची सोय केली. यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या पिढीला विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर मात्र २०१७ मध्ये मिळाला. तो मानक २००६ चा होता. लिनक्सवाल्यांचा मार्ग वेगळा. वेळेची हमी देणारे त्यांचे बदल वीस वर्षं बाहेरून जोडावे लागत, ते २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मूळ गाभ्यात आले.

आता पुन्हा आमच्या विंगेत येतो. मला छळणारी गोष्ट ही होती, की तालमीत लॅपटॉप एकदाही अडखळला नाही, प्रयोगातच का? लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम कुठल्या ड्रायव्हरनं किती वेळ चिठ्ठी धरली ते मोजून दाखवतो. थेसिकॉन कंपनीचा याच कामाचा जुना प्रोग्राम अजून अनेकांकडे असतो, पण विंडोज ८ पासून पुढं त्याचे आकडे खरे नसतात. लेटन्सीमॉन मी तालमीच्या खोलीत अर्धा तास चालवला. सगळं हिरवं. मग लॅपटॉप उचलून देवळाच्या पटांगणात नेला, चार्जर काढला, तसाच चालवला. दहा मिनिटांत लाल पट्टी. ड्रायव्हरच्या यादीत सर्वांत वर वायफायचा ड्रायव्हर, चार वर्षांपूर्वीचा.

उलगडा तिथं झाला. तालमीच्या खोलीत लॅपटॉप ओळखीच्या वायफायला जोडलेला असायचा. पटांगणात ओळखीचं काही सापडेना, म्हणून तो थोड्या थोड्या वेळानं शोध घेत राहायचा, आणि दर शोधाला जुना ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरायचा. चार्जर नसल्यानं प्रोसेसरही वीज वाचवायला डुलकी घेत होता; डुलकीतून जागं व्हायलाही वेळ लागतो. दोन्ही मिळून सारंगीचा घास घेत होते.

लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून वायफायचा नवा ड्रायव्हर घेतला, वीजबचत बंद केली, पुन्हा पटांगणात दोन तास मोजलं. लाल पट्टी आली नाही. एक सांगायला हवं: नवा ड्रायव्हर प्रत्येक वेळी बरा निघतोच असं नाही. आपोआप आलेल्या अपडेटनंतर आवाज बिघडला असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन मागच्या ड्रायव्हरवर परतता येतं, आणि कधी कधी तेच औषध असतं. बदल एका वेळी एकच करायचा आणि दर बदलानंतर मोजायचं, म्हणजे कशानं गुण आला ते कळतं.

मंडळाकडं दुसरा लॅपटॉप आहे, त्याहून जुना. त्याच्या वायफायला नवा ड्रायव्हर निघालेलाच नाही, आणि त्यावरच्या विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तो आम्ही टाकून दिलेला नाही. विंगेत चार्जरची वायर ओढून घेतो, आणि तिसऱ्या घंटेआधी डिव्हाइस मॅनेजर उघडून त्याचं वायफाय बंद करतो. गेल्या काल्याला सारंगी त्याच्यावरूनच वाजली, पूर्ण.