जुनं गाणं नव्याने रेकॉर्ड करायचंय? परवानगी कुणाची, कागद कोणते

‘अभंग तुकोबांचा, त्याला कसली परवानगी?’ भजनी मंडळं हे हमखास विचारतात. शब्दांपुरतं ते बरोबर आहे. पण आपण गातो ती चाल बहुतेक वेळा गेल्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने बांधलेली असते, आणि तिच्यावरचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. वर्षं मोजायची ती निधनानंतरच्या १ जानेवारीपासून. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. सुधीर फडके २००२ साली गेले, त्यांच्या चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत.

म्हणून आधी कागदावर तीन रकाने आखा: शब्द, चाल, ध्वनिमुद्रण. तिन्हींचे मालक वेगवेगळे असू शकतात. स्वतः नव्याने गाणार आणि वाजवणार असाल तर पहिले दोन भरा. मूळ रेकॉर्डिंगच्याच प्रती काढायच्या असतील किंवा त्याचा तुकडा वापरायचा असेल तर तिसराही लागतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो आणि तो सहसा कंपनीकडे असतो. कराओके ट्रॅक हेही कुणाचं तरी रेकॉर्डिंगच, हे विसरू नका.

शब्द आणि चालीसाठी गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणाऱ्या, मुंबईतल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे, म्हणजे आयपीआरएसकडे, चौकशी करा. गीतकार किंवा संगीतकार सभासद नसेल तर त्याच्या वारसांना किंवा हक्क विकत घेतलेल्या कंपनीला गाठावं लागतं. अर्ज व्यक्तीलाही करता येतो आणि संस्थेलाही. त्यात गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, मूळ रेकॉर्डिंगचा तपशील, किती प्रती, कोणत्या माध्यमात आणि किती काळासाठी हे सगळं लिहा. सोबत ओळखपत्र किंवा संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन जोडून ठेवा.

परवाना लेखीच हवा, आणि तो शब्द न् शब्द वाचायचा. एका मंडळाने माझ्यापुढे पत्र ठेवलं, त्यात एकच ओळ: ‘आपण सदर गीत गाण्यास हरकत नाही.’ प्रती काढण्याचा उल्लेख नाही, इंटरनेटचा नाही. सीडी तर छापून आलेल्या. त्या खोक्यातच राहिल्या, आणि वर्षभर तालीम केलेल्या त्या माणसांचे चेहरे मला अजून आठवतात. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. गाणं परदेशातल्या मराठी मंडळींनीही ऐकावं असं वाटत असेल तर ‘जगभर’ हा शब्द पत्रात यायलाच हवा.

मालक परवानगीच देत नसेल तर? कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२ साली आलेलं कलम ३१सी त्यासाठीच आहे: अटी पाळल्या तर परवानगीशिवायही कव्हर व्हर्जन, म्हणजे जुन्या गाण्याचं नवं रेकॉर्डिंग, करता येतं. गाण्याचं पहिलं रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं त्यानंतर पाच पूर्ण कॅलेंडर वर्षं उलटलेली हवीत. रेकॉर्डिंग करण्याच्या किमान १५ दिवस आधी मालकाला आणि दिल्लीतल्या कॉपीराइट निबंधकांना नोटीस द्यायची. वेष्टन आणि लेबलच्या प्रती आधी द्यायच्या, ठरलेल्या दराने रॉयल्टीही आधीच भरायची. माध्यम मागच्या रेकॉर्डिंगचंच हवं, ते बाजारातून गेलं असेल तरच दुसरं चालतं. शब्द-चालीत मनाने बदल करायचा नाही. वेष्टनावर आधीच्या गायकाचं नाव किंवा फोटो नको, मूळ चित्रपटाचं नावही नको, आणि ‘हे कव्हर व्हर्जन आहे’ असं स्पष्ट छापायचं. हिशेबाची वही ठेवायची, मालक ती तपासू शकतो.

लहान मंडळांना मात्र मी हा रस्ता सुचवत नाही. प्रत्येक गाण्यामागे, ज्या ज्या वर्षी प्रती काढाल त्या वर्षी, किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरावी लागते, मग तुम्ही पाचशेच काढा. त्यापेक्षा मालकाला पुन्हा एकदा भेटा. मंडळ कोणतं, विक्री किती, पैसे कशासाठी, हे समोर बसून सांगितलं की वारस पुष्कळदा ऐकून घेतात.

आणि हे कलम फक्त ध्वनिमुद्रणापुरतं आहे. गाण्याला दृश्यं जोडून व्हिडिओ करायचा असेल तर मालकाशी वेगळा करार करावा लागतो, आणि तोही चित्रीकरणाची तारीख ठरवण्याआधी.