लठ्ठपणा ‘आनुवंशिक’ म्हणजे नेमका कसा?

विदर्भातल्या खेड्यांत ‘आनुवंशिक’ हा शब्द रुजवला सिकलसेल या रक्ताच्या आजारानं. रक्त तपासायचं, रिपोर्टवर एएस (वाहक) की एसएस (रुग्ण) ते बघायचं, एएस असेल तर लग्न जुळवताना समोरच्याचाही रिपोर्ट मागायचा. एक जनुक, एक तपासणी, सरळ उत्तर. त्यामुळे तेरा वर्षांच्या लठ्ठ मुलाला घेऊन येणारे आईवडील ‘आमच्या खानदानातच आहे’ म्हणतात, तेव्हा त्यांना तसाच रिपोर्ट आणि त्यावरचं औषध हवं असतं.

जादा वजन हा इथे तसा नवाच विषय. अंगणवाडीत काटा आला तो कमी वजनाची पोरं हुडकायला. सॅम (तीव्र कुपोषण) आणि मॅम (मध्यम कुपोषण) हे शब्द मेळघाटात घरोघरी ठाऊक. ‘अंगानं भरला’ ही तर शाबासकीच. देशात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३.४ झालं.

घोळ शब्दातच आहे. सिकलसेलसारखा, एकाच जनुकाचा लठ्ठपणा खरोखर असतो, पण फार दुर्मीळ. भूक आवरणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचं जनुक १९९४ मध्ये सापडलं. १९९७ मध्ये नात्यात लग्नं होणाऱ्या एका कुटुंबातली दोन चुलत भावंडं आढळली, ज्यांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हतं. आईवडील दोघेही वाहक. आपल्याकडच्या एएस-एएस जोडप्याचंच गणित. त्यांतल्या नऊ वर्षांच्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर भूक आणि चरबी दोन्ही उतरली, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं.

मात्र बिघाड लेप्टिनमध्ये नसून ते ओळखणाऱ्या ग्राहीमध्ये असेल, तर तेच इंजेक्शन फुकट जातं. अशा मुलांसाठी सेटमेलानोटाइड हे दुसरं औषध आलं. अमेरिकेत २०२० मध्ये सहा वर्षांपुढच्यांना मंजूर झालं. चाचणीत पीओएमसी या भुकेच्याच मार्गातल्या जनुकात बिघाड असलेल्या १० पैकी ८ जणांचं वजन वर्षभरात किमान १० टक्के घटलं, ग्राहीत बिघाड असलेल्या ११ पैकी ५ जणांचंच. औषध एकच, भुकेचा मार्गही एकच, तरी इतका फरक. म्हणून पाच वर्षांच्या आतच वजन भराभर वाढलेल्या आणि ताटावरून उठूच न शकणाऱ्या मुलाची जनुकतपासणी खरोखर कामाची. बाकीच्यांची नाही, असं मला वाटतं.

कारण बाकीच्यांचं ‘खानदानी’ वेगळं आहे. वजनाशी नातं असल्याचं २००७ मध्ये गाजलेल्या एफटीओ जनुकाच्या दोन्ही प्रती जोखमीच्या असल्या, तरी प्रौढाचं वजन सरासरी तीनेक किलोच जास्त भरतं. असे शेकडो बारीक फरक एकत्र येतात. आणि २०१६ मध्ये प्रौढांच्या आठ चाचण्या एकत्र मांडल्या, तर या प्रती असलेल्यांचं वजन आहार, व्यायाम किंवा औषधानं इतरांइतकंच घटलेलं दिसलं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध पेशीत नेणाऱ्या प्रथिनाचं जनुकही माणसागणिक बदलतं, पण त्यावरून मुलाचा डोस ठरवावा इतका पुरावा नाही. ‘जनुक बघून औषध’ हे मथळे एका जनुकाचा लठ्ठपणा आणि हा ‘खानदानी’ लठ्ठपणा यांची सरमिसळ करतात. एसएस आणि ‘आमचं हाडच मोठं’ यांना एकाच शब्दात बसवलं की दुसरं काय होणार?

अलीकडची भर म्हणजे भूक मंदावणारी इंजेक्शनं. लिराग्लुटाइडला अमेरिकेत २०२० च्या अखेरीस बारा वर्षांपुढच्यांसाठी मान्यता मिळाली, सेमाग्लुटाइडला २०२२ मध्ये. लिराग्लुटाइडची अट अशी, की मुलाचं वजन ६० किलोच्या वर हवं आणि बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) प्रौढांच्या ३० ला जुळणारा हवा. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या २०१५ च्या तक्त्यांत मात्र लठ्ठपणाची रेषा प्रौढांच्या २७ ला जुळणारी आहे, कारण भारतीय शरीरात कमी वजनातच चरबी जास्त साठते. बारा वर्षांचं, १४५ सेंटिमीटरचं पोर आपल्या तक्त्यात ५० किलोच्या आसपासच लठ्ठ ठरतं. त्या औषधाच्या अटीत ते बसत नाही, मग जनुक कुठलंही असो.