अकरावी सायन्स: ग्रुप ठरवताना आणि आमच्याकडे नाव घालताना

दहावीचा निकाल लागला की आमच्या क्लासच्या ऑफिसात दोन प्रश्न येतात. बॅचची वेळ काय, आणि ग्रुप कुठला घ्यावा? वेळा दाराजवळच्या फलकावर लावलेल्या आहेत. ग्रुपचं मात्र उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणित घेतलं तर पीसीएम, बायोलॉजी घेतली तर पीसीबी, दोन्ही घेतली तर पीसीएमबी, हे तुम्हाला ठाऊक आहे. घोटाळा होतो तो त्यापुढे. क्लासमधला ग्रुप वेगळा आणि कॉलेजात भरलेले विषय वेगळे. आमच्या बॅचशी बोर्डाला किंवा सीईटी सेलला (राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाला) काही देणंघेणं नसतं. बारावीच्या गुणपत्रिकेवर जे विषय छापून येतील, तेच धरले जातात.

दरवर्षी घडतं ते असं. मुलगी आमच्याकडे नीटच्या (वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या) बॅचला बसते. कॉलेजात मात्र ‘स्कोअरिंग आहे’ असं कुणीतरी सांगितलं म्हणून कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं असतं. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स हे बायफोकल (व्यावसायिक) विषय २०० गुणांचे. ते दोन विषयांची जागा खातात, एक दुसऱ्या भाषेची आणि एक ऐच्छिक विषयाची. मग इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री धरल्यावर गणित आणि बायोलॉजी यांतला एकच विषय मावतो. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरवाल्यांचा तो बहुधा गणित असतो. म्हणजे पोरगी संध्याकाळी आमच्याकडे पेशीविभाजन शिकते आणि कॉलेजच्या यादीत तिच्या नावापुढे बायोलॉजीच नाही! हे ध्यानात येतं ते प्रॅक्टिकलच्या बॅचेस लागतात तेव्हा, नाहीतर थेट बारावीचा फॉर्म भरताना. तोवर दुसऱ्या तुकडीतल्या जागा भरलेल्या असतात आणि आईवडिलांच्या कॉलेजात चकरा सुरू होतात.

आयटीचं (इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीचं) तसं नाही. तो १०० गुणांचा विषय आहे आणि एकाच विषयाची जागा घेतो. पण घरी दोघांनाही ‘कॉम्प्युटर’च म्हणतात, त्यामुळे ‘शेजारच्या मुलानं कॉम्प्युटर घेऊनही नीट दिली’ ही गोष्ट बारकाईनं तपासून घ्या. त्यानं बहुधा आयटी घेतलं असेल.

उलट प्रकारही होतो. मुलगा आम्हाला सांगतो, ‘सर, मी बायो सोडली.’ आम्ही त्याला पीसीएमच्या बॅचला बसवतो. कॉलेजात मात्र त्यानं अर्ज दिलेलाच नसतो. वर्ग बुडतात, जर्नल कोरं राहतं, आणि बोर्डाच्या फॉर्मवर बायोलॉजी जशीच्या तशी. मग ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रॅक्टिकल परीक्षा द्यावीच लागते. क्लासला सांगून विषय सुटत नाही. कॉलेजात लेखी अर्ज द्यावा लागतो, तोही लवकर, आणि बदललेल्या विषयाला जागा असेल तरच तो मंजूर होतो.

म्हणून आमचा एक नियम आहे. कॉलेजच्या प्रवेशाच्या पावतीवरचे विषय पाहिल्याशिवाय आम्ही बॅच देत नाही आणि पूर्ण फीही घेत नाही. ‘बाकीचे क्लास असलं काही विचारत नाहीत’ असं आम्हाला ऐकवलं जातं. खरं आहे, नाही विचारत. पण ऑक्टोबरात बॅच बदललेल्या मुलाला जूनपासूनचा भाग परत शिकवायला आमच्याच शिक्षकांना रविवारी बसावं लागतं, आणि त्या मुलाचं नव्या बॅचमध्येही धड बस्तान बसत नाही. दोन मिनिटं पावती बघण्यात कुणाचं काय जातं?

आता ग्रुपबद्दल. ‘राहू द्या चारही, नंतर बघू’ म्हणून पीसीएमबी घेणारे पुष्कळ. चारही विषय मनापासून आवडत असतील तर जरूर घ्या. आयसरचा (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थांचा) विचार असेल तर फायदाच आहे. तिथं प्रवेशासाठी चारपैकी तीन विषय चालतात, पण चाचणीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजीचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. पण नुसता निर्णय पुढे ढकलायचा म्हणून पीसीएमबी घेणं महागात पडतं. सीईटीच्या पीसीएम गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. पीसीबी गटात तेवढेच बायोलॉजीचे. नीटमध्ये ७२० पैकी ३६० बायोलॉजीचे. ज्या विषयावर निम्मा निकाल ठरतो, त्याचाच वेळ चौथ्या विषयाला वाटला जातो. आमचा सल्ला असा की पहिल्या घटक चाचणीपर्यंत चारही ठेवा, त्या आठवड्यात घरात बसून ठरवा, आणि सोडायचा तो विषय कॉलेजात रीतसर सोडा.

गणिताची भीती वाटते म्हणून पीसीबीकडे वळणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की गणित सोडलं तरी फिजिक्स राहतंच. सदिश, त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, थोडं डेरिव्हेटिव्ह यांच्याशिवाय अकरावीच्या फिजिक्सची गणितं सुटत नाहीत, आणि नीटमध्ये फिजिक्सचे १८० गुण आहेत. आमच्या पीसीबी बॅचला सुरुवातीला फिजिक्सपुरतं गणित वेगळं शिकवतो. त्याची फी वेगळी लावत नाही. खरं म्हणजे पीसीबीच्या मुलांनी आमच्याकडे येण्याचं ते एक बऱ्यापैकी कारण आहे.

गणित सोडण्याआधी काय काय बंद होतं तेही बघा. इंजिनिअरिंग तर सगळ्यांना माहीत असतं, आर्किटेक्चरचं मात्र निम्म्यांना नसतं. चित्रकला चांगली आहे म्हणून गणित सोडलेली मुलं नंतर नाटाची (आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेची) चौकशी करायला येतात, तेव्हा आम्हालाच वाईट वाटतं. एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं. भूदलासाठी कुठलीही शाखा चालते, पण लेखी परीक्षेच्या ९०० गुणांत ३०० गणिताचेच आहेत. बी. फार्म. आणि बी. एस्सी. ॲग्री या दोन्हींना पीसीएम किंवा पीसीबी कुठलाही गट चालतो. तेव्हा तेवढ्यासाठी बायोलॉजी ओढत बसू नका.

बायोलॉजी सोडली की एमबीबीएस, बीडीएसच नव्हे, तर बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी), व्हेटर्नरी आणि फिजिओथेरपीही हातची जाते. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देण्याची मुभा दिली. ती बातमी दाखवून ‘मग नंतरच घेऊ’ असं म्हणणारे पालक येतात. मुभा आहे, पण त्यासाठी प्रॅक्टिकल करू देणारं कॉलेज शोधायचं, बोर्डाची परीक्षा द्यायची आणि शिवाय नीटची तयारी करायची. वर्ष जातं. नाइलाज झालेल्यांसाठी ती वाट ठीक आहे.

ग्रुप अजून ठरत नसेल तर शनिवारी दुपारी या. मुलाला घेऊन या, एकटे येऊ नका. त्याची नववी-दहावीची विज्ञान आणि गणिताची उत्तरपत्रिका असेल तर आणा. टक्क्यांपेक्षा त्यातून जास्त कळतं. प्रवेश आमच्याकडे घ्या किंवा न घ्या, या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही.

नाव घालायला येताना पावतीची झेरॉक्स आणा. पावतीवर नुसतं ‘विज्ञान’ किंवा ‘सायन्स जनरल’ एवढंच छापलेलं असेल तर कॉलेजच्या ऑफिसातून सहाही विषय लिहून शिक्का मारून घ्या. बायफोकल घेतलं असेल तर त्याचं नाव पूर्ण लिहून घ्या, नुसतं ‘कॉम्प’ नको. कागद बरोबर असतील तर बॅच त्याच दिवशी मिळते.